आधी पत्रा, मग रंग

गॅरेजमध्ये गाडी रंगवायला टाकताना मालक आधी भाव विचारतो आणि लगेच तारीख सांगतो. गणपतीच्या आत हवी, दसऱ्याला पूजेसाठी दारात हवी, नाहीतर मुलीच्या लग्नात पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला हवी. पुढचं सगळं त्या तारखेवर ठरतं. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला डेंटरला दिसतो. आतून पत्रा सडलाय हेही त्याला ठाऊक असतं. पण तो भाग कापून नवा तुकडा जोडायचा तर दार उतरवावं लागतं, गाडी जागा अडवून बसते, आणि त्याचे पैसे मागितले तर मालक विचारतो, "एवढ्याशा डागाला?" मग वरवर घासून लांबी भरली जाते, पेपर मारला जातो, रंगाचे हात बसतात, आणि गाडी तारखेला दारात चकाकते. वर्ष-दीड वर्षात त्याच जागी पुन्हा फोड येतो. डेंटर लबाड असतो असं नाही. त्याच्या धंद्याचं गणितच तसं आहे: तो तास विकतो, आणि न दिसणाऱ्या कामाच्या तासांना गिऱ्हाईक नसतं.

घरी काम करणाऱ्याकडे रंगाचा बूथ नसतो, गाडी उचलायची लिफ्ट नसते, बसलेला हातही नसतो. सवड मात्र असते. दाराला दोन रविवार लागले तर लागले. गंजाला खरा उतारा हीच सवड आहे, आणि या पुस्तकाची मांडणी त्याच हिशेबानं केली आहे. जे काम वेळ दिल्यानं चांगलं होतं ते घरी करायचं. ज्याला यंत्र, बूथ किंवा मुरलेला हात लागतो ते बेलाशक बाहेर द्यायचं. "सगळं स्वतः केलं" असं सांगता यावं म्हणून गाडी दुरुस्त करणाऱ्यांना इथं निराशा पदरी येईल.

उदाहरणासाठी मी एकच गाडी धरली आहे: प्रीमियर पद्मिनी. मराठी घरांत 'आमची जुनी गाडी' म्हटलं की बऱ्याचदा हीच निघते, आणि ती इथलीच आहे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानं १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या मोटारी आणि ट्रक जोडले जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली. पुढची दारं उलट्या बाजूनं उघडणारी, नाकाडावर गोलसर फुगलेली ही गाडी मुंबईनं 'डुक्कर फियाट' करून टाकली. साठच्या दशकात ११०० डी आली. सत्तरच्या दशकात तिलाच चितोडच्या राणीचं नाव मिळालं, आणि त्याच मूळ आराखड्यावर ती एकविसावं शतक उजाडेपर्यंत निघत राहिली. जगात मोटारी कुठल्या कुठे गेल्या असताना आपण साठच्या दशकातली गाडी नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून विकत घेत होतो. त्यावर टीका करायची ती खुशाल करावी, मीही करतो. पण इतकी वर्षं फारसा न बदललेला हा आराखडा घरी पाना हातात घेणाऱ्याच्या पथ्यावर पडला आहे.

चार सिलिंडरचं १,०८९ सीसीचं इंजिन, त्यावर साधा कार्बोरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, यांत्रिक फ्युएल पंप. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागं पाट्यांच्या स्प्रिंगा. कुठंही संगणक नाही, सेन्सर नाही. गाडी बंद पडली तर कारण पेट्रोलमध्ये असतं किंवा ठिणगीत, आणि दोन्ही डोळ्यांनी तपासता येतं. मे महिन्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला की ओलं फडकं पंपावर टाकून दहा मिनिटं थांबायचं, हे ज्ञान तेव्हा चालकाइतकंच शेजारच्या सीटवरच्या बाईंनाही असे. बॉनेट उघडल्यावर आत हात घालायला जागा असते, हा आजच्या मोटारींमध्ये न सापडणारा गुण आहे.

सुट्या भागांचा प्रश्न मात्र बदलला आहे. पद्मिनीचे भाग इतकी वर्षं सहज मिळाले ते तुमच्या-आमच्यामुळे नव्हे, टॅक्सीवाल्यांमुळे. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी, असं समीकरण अनेक दशकं होतं. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावर उरली नाही. रोज चालणाऱ्या त्या गाड्या थांबल्या की त्यांच्यासाठी माल ठेवणारी दुकानंही हळूहळू दुसऱ्या मालाकडे वळणार. म्हणून माझा सल्ला: कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, ऑपेरा हाउसच्या स्पेअरच्या दुकानांत, पुण्यात नाना पेठेत चक्कर मारा आणि दारांची रबरं, काचांची बीडिंग, ब्रेकचे व्हील सिलिंडर असे नाशवंत भाग आजच घेऊन ठेवा. क्रोमचा बंपर पुन्हा पॉलिश करून घेता येतो. दाराचं नेमक्या घडीचं रबर घरी बनवता येत नाही.

आता पत्र्याकडे. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, दारांखालच्या बंद पेट्या, खांब, छप्पर हे सगळं मिळून गाडीचा सांगाडा होतो. याचा अर्थ असा, की दाराखालच्या त्या पेट्या सडल्या तर ती शोभेची बाब राहत नाही. मागची दारं घासून लागू लागतात, जॅक लावला की पत्रा आत जातो, आणि अपघातात माणसाला वाचवणारी ताकदच संपलेली असते. अशा जागी फायबरचा थर आणि वरून लांबी लावणं म्हणजे मोडलेल्या पायाला नुसता पायमोजा घालणं. इथं जुना पत्रा कापून त्याच जाडीचा नवा जोडावा लागतो, आणि ते वेल्डिंग चांगल्या कारागिराकडूनच करून घ्यावं. शोध आणि उकल मात्र घरी, कारण तिथं घाई चालत नाही.

शोधायचं कुठं? जिथं पाणी अडतं तिथं. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती धुळीनं आणि जुन्या रंगानं बुजली की काचेच्या फटीतून उतरलेलं पावसाचं पाणी आत साठतं आणि दार आतून बाहेर सडत येतं. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा जाळीदार झालेला असतो. काचेखालच्या जाळीत पानं कुजतात. बॅटरीच्या तबकडीवर आम्ल सांडतं. डिकीत स्टेपनीखाली, आणि पायाखालच्या मॅटच्या तळच्या जाड नमद्याखाली ओल महिनोन्‌महिने टिकते. गाडी कितीही कोरडी दिसो, मॅट उचलल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नये. चाकांवरच्या कमानींत, मडगार्डच्या आतल्या घडीत चिखल थापून बसतो. समुद्राजवळच्या गावांत त्यात मीठ असतं, आणि मिठानं गंजाचा वेग वाढतो. रत्नागिरीची गाडी आणि सोलापूरची गाडी एकाच वर्षीच्या असल्या तरी एका वयाच्या नसतात.

आधी कुणी लांबी भरून ठेवली आहे का, हे लोहचुंबक सांगतं. पातळ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक पत्र्यावरून फिरवा; जिथं ते धरत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी आहे. पॉलिएस्टरची पुट्टी तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावी, असं सर्वसाधारण मानतात. जुन्या गाड्यांवर बोटाच्या पेराएवढे थर निघतात. एखादी गाडी घेताना विकणाऱ्यासमोर चुंबक काढलं की भाव आपोआप खाली येतो, हा या साधनाचा जादा फायदा.

पुट्टीबद्दलच आमच्याकडच्या एका रूढ पद्धतीशी माझं भांडण आहे आणि ते पुस्तकभर चालू राहील. लांबी सुकली की पाणी मारत पेपरनं घासायची, असं गॅरेजांमध्ये सर्रास चालतं. धूळ उडत नाही, पेपर भरत नाही, काम भराभर उरकतं. पण पॉलिएस्टर पुट्टी ओल धरते. तीत शोषलेलं पाणी वरच्या रंगाखाली कोंडतं, पत्र्यापर्यंत पोचतं आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड बनून वर येतं. गंजाविरुद्ध लावलेल्या थरातच पाणी मुरवून ठेवायचं, याला काय म्हणावं? म्हणून लांबी कोरडीच घासायची, तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावून. जुना रंग उतरवायचा तो मात्र ओलाच घासायचा, कारण त्यात शिसं असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ घरात, अंगणात, मुलांच्या हातांवर जाते. घासायचं तर दोन्ही, पण एक ओलं आणि एक कोरडं.

गंज उघडा पडल्यावर तारेच्या ब्रशनं सुटा भाग काढायचा, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं, ते लोखंडावर फॉस्फेटचा थर बनवतं. मग डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन, पूर्ण वाळवून त्याच दिवशी प्रायमर. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये. दमट हवेत सकाळपर्यंत त्याच्यावर तांबूस छटा येते. रेड ऑक्साइड स्वस्त आणि सवयीचा आहे, पण ओल अडवण्यात इपॉक्सी प्रायमर त्याच्या कितीतरी पुढं आहे. सगळ्या गाडीत एकाच जागी पैसे सढळ हातानं खर्च करायचे असतील तर ते इथं करावेत.

रंगापूर्वी यांत्रिक काम संपवायचं. हा क्रम लोक उलटा करतात, कारण रंग डोळ्यांना दिसतो. पण ब्रेक ऑइल रंग खातं. नव्या रंगाच्या मडगार्डवर मास्टर सिलिंडरमधले चार थेंब पडले आणि पुसायला उशीर झाला, तर रंग सुरकुतून उचलला जातो. इंजिन वर-खाली करताना साखळी बॉनेटच्या कडेला लागते, पाना निसटतो. शिवाय ब्रेक धड नसलेली गाडी चकचकीत करणं हा क्रमही बरा नव्हे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, तेव्हा ड्रम उघडल्यावर तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं धूळ उडवायची नाही. ओल्या फडक्यानं टिपायची आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. ठोकळा आधी तडा देऊन इशारा देत नाही, एकदम फुटतो. आणि पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण तीत वाफ असते. वेल्डिंगच्या आधी टाकी गाडीवरून उतरवून लांब ठेवायची.

मग रंग. विसाच्या दशकापर्यंत मोटारींवर वॉर्निशासारखे रंग असत, आणि एक गाडी वाळून तयार व्हायला आठवडे लागत. अमेरिकेत ड्यूपाँटनं नायट्रोसेल्युलोजचा 'ड्यूको' आणला, जनरल मोटर्सनं तो १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर वापरला, आणि रंग काही तासांत वाळू लागला. आपल्याकडच्या गॅरेजांत फवाऱ्याच्या रंगकामाला आजही ड्यूको म्हणतात, मग गनमध्ये काहीही असो. घरच्या माणसाला निवड करायची असते ती तीन प्रकारांत: एनसी म्हणजे तोच नायट्रोसेल्युलोज, सिंथेटिक इनॅमल, आणि हार्डनर मिसळून लावायचा टू-के.

आपल्या गाडीवर सध्या काय आहे हे आधी ओळखावं. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचं फडकं घासा. रंग विरघळून फडक्यावर आला तर एनसी, सुरकुतला तर इनॅमल, काहीच झालं नाही तर बहुधा टू-के. इनॅमलवर थेट एनसी मारलात तर त्यातलं थिनर खालचा थर उचलतं आणि सगळं काम खरवडावं लागतं.

एनसी घरच्या कामाला क्षमाशील आहे. तो केवळ थिनर उडून वाळतो, त्यामुळे नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो. ओघळ आला तर वाळल्यावर घासून काढता येतो, संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर १,५०० आणि २,००० नंबरच्या पेपरनं सपाट करून कंपाउंड मारता येतं. चकाकी टिकवायला पुढं पॉलिश करत राहावं लागतं, एवढाच त्याचा दोष. दमट हवेत मात्र तो दगा देतो. थिनर भराभर उडतं, पत्रा थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंग दुधाळ होतो. म्हणून पावसाळ्यात आणि कोकणात बऱ्याच दिवशी गन हातात घेऊच नये. पुण्या-नाशकाकडे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम, तेही दव उडाल्यावर दहापासून चारपर्यंत. नागपुरात एप्रिल-मेमध्ये उलटा घोळ होतो: रंग पत्र्यावर पोचायच्या आतच हवेत वाळतो आणि वाळूसारखा खरखरीत बसतो.

टू-के जास्त टिकतो, जास्त चमकतो, आणि घरी मारू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेलं की कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढं अत्यल्प मात्राही पुरते. घातक पातळीलाही त्याचा वास येईलच असं नाही, त्यामुळे मास्कमधला कोळसा संपला हे कळायची सोय नाही. रुमाल बांधून टू-के मारणारे पेंटर तुम्ही पाहिले असतील. त्यांचं धाडस पाहून आपणही मारायचं ठरवू नका. बाहेरून नळीनं हवा देणारा मुखवटा आणि बंद बूथ असेल तरच ते काम. इमारतीत राहणाऱ्यांना माझी शिफारस सरळ आहे: प्रायमरपर्यंत सगळं घरी करा, जीव ओतून करा, आणि शेवटचे हात बूथवाल्याकडून मारून घ्या. तुम्ही तयार करून दिलेल्या पत्र्यावर तो घाईनं काम करील तरी बिघडत नाही.

हे करताना सोसायटीत राहायचं असतं, हेही ध्यानात असू द्या. फवाऱ्याची बारीक धूळ वाऱ्याबरोबर चार गाड्या ओलांडून जाते आणि शेजाऱ्याच्या बॉनेटवर खरखरीत बसते. सेक्रेटरींना आधी सांगितलं तर ते नियम दाखवतात, नंतर कळलं तर भांडण होतं. आधी सांगितलेलं स्वस्त पडतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून कुठला मेकॅनिक चांगला ते सांगेल. त्याला घासायचा पेपर द्या, बहुतेक जण निघून जातात.

रंग कुठला द्यायचा यावर घरात जी चर्चा होते तिच्यासाठी वेगळं प्रकरण लिहावंसं वाटलं होतं. आजीच्या आठवणीत गाडी लोण्याच्या रंगाची असते, काकांच्या मते ती राखाडी होती, आणि अल्बममधल्या फोटोंचा रंगच उडालेला असतो. वाद मिटवायचा तर दाराचं आतलं पॅड काढा, डॅशबोर्डच्या खालची बाजू बघा, काचेच्या रबराखालची पट्टी बघा. तिथं ऊन पोचलेलं नसतं. बाहेरच्या पत्र्यावर दोन-तीन थर निघाले तर पेपरनं तिरकं घासून ते कडेकडेनं उघडे करता येतात, आणि कुठल्या सालात कुणाच्या हौशीनं काय झालं ते घरच्यांना ओळखता येतं. दुकानात नमुना नेण्यापूर्वी तो कंपाउंडनं घासून न्यावा, नाहीतर उन्हानं मेलेल्या छटेचाच डबा मिळतो. मूळ रंगाकडेच परतायचं की आवडता नवा द्यायचा, यात माझा आग्रह नाही. टॅक्सीचा काळा-पिवळा सोडून काहीही शोभतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही आहे. गाडीच्या नोंदणी-पुस्तकात लिहिलेला रंग बदलायचा असेल तर आरटीओत तशी नोंद आधी करून घ्यावी. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्रानं २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय केली, पण तशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा मोजक्याच प्रसंगी काढता येते. भाजी आणायला जायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नये. आणि विकून नफा होईल या आशेनं तर ह्या कामाला हातच घालू नये. पद्मिनीला लावलेले पैसे परत येत नाहीत.

ज्यांच्या घरी पद्मिनी नाही त्यांनाही बरंच उपयोगी पडेल. ॲम्बेसेडरचा पत्रा जाड, पण सडायच्या जागा जवळपास त्याच. तिच्या मालकांनी इंजिनाचं प्रकरण सोडून बाकी सगळं वाचावं. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चा पत्रा पातळ आहे, तिथं हातोडी आणि डॉली जपून वापरायची, आणि ग्राइंडर शक्यतो लावायचाच नाही, कारण उष्णतेनं पत्रा ताणून लाटा पडतात. डिझेल पद्मिनीवाल्यांनी फ्युएल पंपाचं प्रकरण वगळावं. वेल्डिंगचं प्रकरण शिकण्यासाठी नाही, कारागिराकडून काम नीट करून घेता यावं यासाठी लिहिलं आहे. त्याच्याशी बोलण्यापूर्वी ते एकदा वाचून जा, आणि पत्र्याची जाडी मोजायची पट्टी बरोबर न्या.